आजोबांच्या दाखल्यावर मुक्काम

भारत सरकारच्या व्हिसांची यादी चांगली लांबलचक आहे. पर्यटनाचा, नोकरीचा, शिक्षणाचा, उपचारांचा, पत्रकारितेचा, परिषदेला येणाऱ्यांचा. गिर्यारोहणासाठी आणि चित्रपटाच्या चित्रीकरणासाठीसुद्धा वेगळा व्हिसा आहे. निवृत्तांसाठी मात्र एकही नाही. ‘नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, आता उरलेली वर्षं तुमच्या देशात काढतो,’ असं म्हणणाऱ्या परदेशी माणसाला आपल्या अर्जात रकानाच नाही.

तरीही खडकवासल्याच्या कोणत्याही बऱ्यापैकी मोठ्या सोसायटीत सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठांचा घोळका पाहा. त्यात एखाद-दुसरे काका हमखास असे निघतात की ज्यांच्या कपाटात अमेरिकेचा, कॅनडाचा नाहीतर ब्रिटनचा पासपोर्ट आहे. बोलणं अस्सल सदाशिव पेठी, भाजीवाल्याशी घासाघीस तशीच, आणि महापालिकेच्या पाण्याबद्दलची तक्रारही अगदी स्थानिक. पण कायद्याच्या हिशेबात हे काका परदेशी नागरिक आहेत. ‘आम्ही परत आलो,’ असं ते सांगतात. कायदा म्हणतो, तुम्ही परदेशात राहता आहात.

खडकवासला हे निवृत्तांचं गाव होणं तसं स्वाभाविक होतं. एकोणिसाव्या शतकात बांधलेलं धरण, त्याच्या काठी १९२०च्या दशकापासून वसलेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र, पलीकडे १९५५ साली डेहराडूनहून येऊन सुरू झालेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, गिरिनगरला संरक्षण खात्याची तंत्रज्ञान संस्था. सरकारी पेन्शन म्हणजे काय, हे या परिसराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०२१ साली खडकवासला पुणे महापालिकेत आलं. सिंहगडाची हवा, शहरापेक्षा थोडी शांतता आणि लागलंच तर अर्ध्या-पाऊण तासात गाठता येणारं मोठं हॉस्पिटल (सिंहगड रोडची वाहतूक मनावर घेईल त्या दिवशी) हे सगळं एकत्र हवं असलेल्यांची पावलं इकडे वळतात. परदेशातून परतणारे त्यातलेच. फरक इतकाच की त्यांना इथं राहण्याचा हक्क आधी सिद्ध करावा लागतो, आणि मग तो राखावा लागतो.

म्हातारपणी परक्या देशात राहू देण्यासाठी कोणता देश काय मागतो, यावरून त्या देशाचा स्वभाव कळतो. थायलंड पैसा मागतो. वयाची पन्नाशी पूर्ण झालेल्या परदेशी माणसानं तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवावेत किंवा दरमहा ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावं, की वर्षभराची मुदतवाढ मिळते. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, आणि वर्ष संपलं की बँकेचं पत्र घेऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं. तिथले पाश्चात्त्य निवृत्त लोक या वार्षिक फेरीला इतके सरावलेले असतात की बँकेतली शिल्लक कोणत्या महिन्यात किती असावी हे त्यांना तोंडपाठ असतं. संयुक्त अरब अमिरातीनंही अलीकडे हाच मार्ग धरला: वय ५५ पूर्ण, दहा लाख दिरहमची मालमत्ता किंवा बचत किंवा ठरावीक मासिक उत्पन्न, की पाच वर्षांचा निवृत्ती-व्हिसा आणि पुढे नूतनीकरण. दुबईत हयात घालवलेल्या मराठी कुटुंबांसाठी ही बातमी मोठी होती. त्याआधी तिथला मुक्काम नोकरीला बांधलेला असायचा. नोकरी संपली की तीस वर्षांचं बिऱ्हाड आवरून पुण्याचं नाहीतर ठाण्याचं विमान पकडायचं, हा ठरलेला शेवट होता. ब्रिटननं उलट केलं. स्वतःच्या पैशावर जगू शकणाऱ्या निवृत्तांसाठी त्यांच्याकडे एक सोय होती, ती २००८ साली बंद केली.

भारत पैसा विचारत नाही. तुमचे आजोबा कोण, हे विचारतो.

इथं परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाला निवृत्ती-व्हिसाची गरज पडत नाही, कारण त्याच्या हातात ओसीआय कार्ड असतं, ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडियाचं. नावात ‘सिटिझन’ असलं तरी हे नागरिकत्व नव्हे. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागाच नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. त्यासाठी कोणी आदेश काढावा लागत नाही. जुना निळा पासपोर्ट जपून ठेवला म्हणून नागरिकत्व टिकत नाही. तो परत करून तसा दाखला घ्यावा लागतो, आणि ओसीआयच्या अर्जाला हाच दाखला लागतो. बऱ्याच लोकांचं घोडं इथंच अडतं. एखाद्यानं १९८०च्या दशकात अमेरिकी नागरिकत्व घेतलेलं असतं, जुना पासपोर्ट घर बदलताना कुठं गेला आठवत नाही, आणि चाळीस वर्षांनी खडकवासल्यात फ्लॅट घेताना त्याची आठवण काढावी लागते.

या कार्डाचा इतिहास सरकारच्या भीडस्तपणाचाही इतिहास आहे. १९९९ साली त्याच्या आधीचं, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं पीआयओ कार्ड आलं. त्याची फी होती १००० डॉलर, आणि प्रतिसाद यथातथाच मिळाला. २०००मध्ये डॉ. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली परदेशस्थ भारतीयांविषयी एक उच्चस्तरीय समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी २००२ मध्ये आला. त्याच वर्षी पीआयओ कार्डाची फी खाली आली. २००३च्या दुरुस्तीनं ओसीआयची कल्पना कायद्यात आली, ती मोजक्या १६ देशांपुरती. २००५मध्ये ती जवळपास सगळ्या देशांना लागू झाली, पाकिस्तान आणि बांगलादेश वगळून. जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात पहिली कार्डं दिली गेली. मग नऊ वर्षं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी नांदली. पीआयओधारकाला सलग १८० दिवसांहून जास्त राहिल्यास पोलिसांकडे नोंदणी करावी लागे, ओसीआयधारकाला नाही. सोसायटीतल्या दोन शेजाऱ्यांना दोन न्याय. ९ जानेवारी २०१५ रोजी पीआयओ योजना ओसीआयमध्ये विलीन झाली.

कार्ड कोणाला मिळतं? २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर जो भारताचा नागरिक होता, किंवा त्या दिवशी नागरिक होण्यास पात्र होता, किंवा १५ ऑगस्ट १९४७नंतर भारतात सामील झालेल्या भागातला होता, त्याला. तसंच अशा माणसाच्या मुलांना, नातवंडांना आणि पतवंडांना. यातलं तिसरं कलम गोव्यासाठी महत्त्वाचं. १९६१पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुलांची जन्मनोंद लिस्बनमध्ये करून पोर्तुगीज पासपोर्ट घेणारे कितीतरी गोवेकर आहेत, आणि त्यांचं गोव्यात परतणं याच कार्डावर अवलंबून आहे. मॉरिशसमध्ये तर हा धागा आणखी लांब ओढला गेला. तिथं एकोणिसाव्या शतकात गेलेल्या भारतीयांत मराठी घराणीही आहेत. पतवंडांची मर्यादा त्यांच्या आताच्या पिढ्यांपर्यंत पोचत नव्हती. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस भेटीत जाहीर केलं की तिथल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना विशेष तरतुदीनं ओसीआय मिळेल. थायलंडनं बँकेचं पत्र मागावं आणि आपण सातव्या पिढीच्या पूर्वजाची जहाजावरची नोंद मागावी! मला यात गंमत वाटते, पण गैर काही दिसत नाही. पैसा संपू शकतो. पणजोबा बदलत नाहीत.

पणजोबा बदलत नाहीत, तरी कागद बदलतात. ओसीआय आजीवन आहे, हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं जातं की लोक कार्ड लॉकरमध्ये टाकून विसरतात. कार्डावर मात्र पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो, आणि पासपोर्ट आजीवन नसतो. अमेरिकेचा प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो. पूर्वीचा नियम जाचक होता: विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टबरोबर नवं कार्ड, आणि पन्नाशीनंतर एकदा पुन्हा नवं कार्ड. जोडीला जुना पासपोर्टही प्रवासात बाळगावा लागे. मुंबईला उतरायचं तर हातात दोन पासपोर्ट आणि एक कार्ड. कित्येकांना परदेशातल्या विमानतळावर विमान कंपनीच्या माणसानं जुना पासपोर्ट नाही म्हणून थांबवलेलं आहे. मार्च-एप्रिल २०२१ मध्ये हे सैल झालं. जुना पासपोर्ट बाळगण्याची अट गेली. विसाव्या वर्षानंतर कार्ड मिळालेल्या माणसाला वयापोटी नवं कार्ड काढण्याची गरज उरली नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदा नवा पासपोर्ट निघाला की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि ताजा फोटो पोर्टलवर चढवायचा, एवढंच. याला फीही नाही. खडकवासल्यातल्या बहुतेक परतलेल्या काकांचं ‘व्हिसा नूतनीकरण’ म्हणजे आयुष्यातून एकदा करायचं हे काम. फोटोची पार्श्वभूमी आणि फाइलचा आकार पोर्टलला पसंत पडेपर्यंत नातवाला हाताशी ठेवावं.

आणखी एक कर्तव्य आहे, आणि ते फारच थोड्यांना ठाऊक असतं. ओसीआयधारकाला कितीही दिवस राहिलं तरी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागत नाही. मात्र ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार, भारतात कायम राहणाऱ्या ओसीआयधारकानं कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलला तर आपल्या भागाच्या या कार्यालयाला ईमेलनं कळवायचं असतं. म्हणजे कोथरूडचा फ्लॅट विकून खडकवासल्याला राहायला आलात तर गॅस, बँक आणि वीजमंडळाबरोबर हेही पत्र. त्याच अधिसूचनेत परवानगीशिवाय न करायच्या कामांची यादीही आहे: संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार, गिर्यारोहण, संरक्षित क्षेत्रात जाणं. निवृत्तीनंतर रविवारी सिंहगड चढणाऱ्यानं गिर्यारोहण या शब्दाला घाबरू नये; तो शब्द हिमालयातल्या शिखर मोहिमांसाठी आहे. पण निवृत्त प्राध्यापकानं एखाद्या विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पात नाव घालण्यापूर्वी ही यादी जरूर वाचावी.

खडकवासल्याच्या बाबतीत सर्वांत महाग पडणारा नियम जमिनीचा आहे. धरणाच्या वरच्या अंगाला डोणजे, गोऱ्हे, खानापूर, पुढे पानशेत रस्ता. या सगळ्या पट्ट्यात ‘फार्महाऊस प्लॉट’च्या पाट्या दिसतात. पाण्याकाठी चार गुंठे, दोन आंब्याची झाडं आणि पडवी हे परदेशात तीस हिवाळे काढलेल्या माणसाचं स्वप्न असतं, आणि दलालाला ते लांबून ओळखता येतं. ओसीआयधारक घर, फ्लॅट, बिगरशेती म्हणजे एनए भूखंड, दुकान विकत घेऊ शकतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळा मात्र परकीय चलन कायद्याखालच्या नियमांनी त्याला विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्राचा कूळकायदा आहेच: कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, मग तो भारतीय नागरिक असो वा नसो. वडिलोपार्जित जमीन वारसानं येऊ शकते. गावाकडच्या सातबाऱ्यावर अमेरिकी नागरिकाचं नाव लागलेलं दिसलं तर दचकू नये. पण विकत घेणं वेगळं. ‘भावाच्या नावावर घ्या, नंतर बघू’ हा सल्ला ऐकून घेतलेल्या तुकड्यांवरून भाऊबंदकीचे दावे उभे राहतात, हे पुणेकरांना मी सांगायला नको. पाटीवर काय लिहिलंय ते न पाहता सातबारा आणि एनएचा आदेश मागावा.

आता घरात दोन माणसं आहेत असं धरू. मिरजेहून शिकायला डेट्रॉइटला गेलेला इंजिनीअर, आणि तिथंच भेटलेली, आयर्लंडकडच्या वंशाची अमेरिकी बायको. लग्नाला चाळीस वर्षं झाली. ती पोहे त्याच्यापेक्षा चांगले करते. दोघं खडकवासल्याला राहायला आली. नवऱ्याचं कार्ड त्याच्या पूर्वीच्या भारतीय नागरिकत्वावर उभं आहे, बायकोचं कार्ड लग्नावर. परदेशी वंशाच्या जोडीदाराला ओसीआय मिळतं, पण लग्न नोंदलेलं असावं लागतं आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. सुरक्षा तपासणीही होते. नवऱ्याला पन्नाशीनंतर एकदाच पोर्टलवर जायचंय. बायकोला मात्र प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर, तीन महिन्यांच्या आत, पासपोर्टची प्रत आणि फोटोबरोबर एक जाहीरपत्र द्यायचं असतं: आमचं लग्न अजून टिकून आहे. बासष्टाव्या वर्षी द्यायचं, बहात्तराव्या वर्षी द्यायचं, ब्याऐंशीव्या वर्षीही. निवृत्तीतलं खरं नूतनीकरण हे. थायलंडमध्ये बँकेच्या पत्रानं जे साधतं ते इथं या जाहीरपत्रानं साधायचं असतं.

हे लिहिताना हसू येतं, पण कायद्याचं पुढचं कलम हसण्यासारखं नाही. लग्न मोडलं तर जोडीदाराच्या नात्यानं मिळालेलं कार्ड रद्द होऊ शकतं. म्हणजे सत्तरीत घटस्फोट झाला तर एकाचा मुक्काम तसाच राहतो आणि दुसरीचा धोक्यात येतो, घर दोघांच्या नावावर असलं तरी. कलमातले शब्दही सैल आहेत: लग्न न्यायालयाकडून ‘किंवा अन्यथा’ संपुष्टात आलं तर, असे. त्यामुळं नवरा हयात असतानाच, दोघांपैकी कोणी मागे राहिलं तर कार्डाचं काय, हे संबंधित कार्यालयाला लेखी विचारून उत्तर फाइलला लावून ठेवावं. मृत्यूनंतरच्या महिन्यात बँक, विमा, सोसायटी, पेन्शन अशी रांग लागलेली असते; त्यात हा प्रश्न पहिल्यांदा सुचू नये.

ज्याचे आजोबाही भारतीय नाहीत आणि बायकोही नाही, त्याचं काय? अशा माणसाला भारतात म्हातारपण काढायचा सरळ मार्ग नाही. ई-टुरिस्ट व्हिसावर एका कॅलेंडर वर्षात १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, म्हणून काही जण अर्धं वर्ष इथं आणि अर्धं दुसरीकडे असं जगतात. दीर्घ मुदतीचा, १८० दिवसांहून अधिक राहू देणारा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. २०१८ पासून ही नोंदणी आणि मुदतवाढ ई-एफआरआरओ या पोर्टलवर होते. त्याआधी भाडेकरार आणि फोटोंचा गठ्ठा घेऊन पोलिसांच्या कार्यालयात जावं लागे. १ सप्टेंबर २०२५ पासून या विषयावरचे चार जुने कायदे, त्यांत १९३९चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६चा परदेशी नागरिक कायदा, जाऊन त्यांच्या जागी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ हा एकच कायदा लागू झाला. मुदत उलटून राहणं म्हणजे दंड, आणि बाहेर जाताना निघण्याच्या परवान्यासाठी धावपळ. अमेरिकेत ‘ओव्हरस्टे’ शब्दाला घाबरणारे आपलेच लोक इथं परदेशी पाहुण्याच्या बाबतीत ‘काही होत नाही हो’ म्हणतात. होतं.

मुक्कामाचा हक्क मिळाला, आता पोटाचं पाहू. ब्रिटनमधून परतलेल्यांनी एक गोष्ट निघण्याआधीच समजून घ्यावी. ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात मिळते, पण वाढत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याची पेन्शन दरवर्षी वाढते. भारतात राहायला आलेल्याची आहे त्या आकड्यावर गोठते. अमेरिकेत राहायला गेलेल्या ब्रिटिश पेन्शनरला वाढ मिळते, खडकवासल्याला आलेल्याला नाही, कारण भारताशी तसा करार नाही. पासष्टीत आलेला माणूस पंच्याऐंशीपर्यंत जगला तर वीस वर्षांची महागाई त्यानं स्वतःच सोसायची. कॅनडाची वृद्धापकाळ पेन्शन बाहेर नेता यावी यासाठी वयाच्या अठरानंतर तिथं किमान २० वर्षं राहिलेलं असावं लागतं. उशिरा गेलेल्या आईवडिलांचा हिशेब इथं चुकतो. अमेरिकी नागरिकाची सोशल सिक्युरिटी भारतात येते, आणि भारत-अमेरिका करारानुसार तिच्यावर कर लावण्याचा हक्क फक्त अमेरिकेचा. पण मेडिकेअर येत नाही. खडकवासल्यात छातीत दुखलं तर तिचा उपयोग शून्य. शिवाय अमेरिकी सरकार ठरावीक काळानं एक प्रश्नपत्रिका पाठवतं: जिवंत आहात ना, पत्ता तोच ना, लग्न-बिग्न केलं का? ती भरून वेळेत परत गेली नाही तर पैसे थांबतात. पुण्यातल्या बँकांमधली शिल्लक सगळी मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली तर तेही अमेरिकेला कळवावं लागतं. भारतीय कराच्या बाजूला थोडी सवलत आहे: बरीच वर्षं बाहेर काढून परतलेल्याला साधारण पहिली दोन-तीन वर्षं असा दर्जा मिळू शकतो की ज्यात परदेशातल्या उत्पन्नावर इथं कर लागत नाही. त्याच काळात बाहेरची खाती नीट लावून घ्यावीत.

जिवंत असल्याचा पुरावा मागणं ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. इथल्या संरक्षण आणि केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आलं, २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही हे होतं. ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच सोय आहे. मुलाकडे ह्यूस्टनला बसलेल्या खडकवासल्याच्या सुभेदारांना आता त्यासाठी नोव्हेंबरपूर्वी परतण्याची घाई करावी लागत नाही.

इथून आपण उलट दिशेला येतो. खडकवासल्यातून जाणाऱ्या आईवडिलांचा मोठा वर्ग असा आहे की जो परदेशी नागरिकही नाही आणि निव्वळ पाहुणाही नाही: ग्रीन कार्डवाले. मुलगा किंवा मुलगी अमेरिकी नागरिक झाली, वय एकवीसच्या पुढे आहे, तिनं आईवडिलांसाठी अर्ज केला आणि सत्तरीत कार्ड हातात पडलं. राहायला मात्र जीव खडकवासल्यातच रमतो. अमेरिका यांच्याकडून पैसाही मागत नाही आणि आजोबाही नाही. ती हजेरी मागते. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर परतताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात. एक वर्षाहून जास्त राहिलं आणि आधी परवाना घेतलेला नसेल तर ते कार्ड प्रवेशासाठी चालत नाही. कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असते आणि लोक तिलाच भुलतात. ती प्लॅस्टिकची मुदत. हक्काची मुदत तुम्ही कुठं राहता यावर ठरते. म्हणून पुण्यात ‘ग्रीन कार्ड टिकवायला जातोय’ हे वाक्य ऐकू येतं. दरवर्षी एक फेरी, बरोबर लोणचं, गुडघेदुखीच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा, आणि तिकिटाच्या तारखांची सावध मोजणी.

कायद्यानं बघितलं तर ही फेरीही पुरेशी नाही. वर्षातून एकदा पाय लावून येणं म्हणजे राहणं नव्हे. अधिकारी घर कुठं, कर कुठं भरता, हे बघतो. काही कारणानं लांबचा मुक्काम होणार असेल, गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा घराचा पुनर्विकास, तर री-एन्ट्री परमिट नावाचा परवाना आधी घ्यावा; तो बहुधा दोन वर्षांचा असतो. पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, खडकवासल्यातून करता येत नाही. ही एक ओळ न वाचल्यामुळं किती कार्डं गेली असतील. ज्यांचं आधीच वर्ष उलटलं आहे त्यांना परतणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा मागता येतो, मात्र उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाला हे दाखवावं लागतं. ‘इकडे बरं वाटतं’ हे कारण तिथं चालत नाही.

इतर देशांनी आईवडिलांसाठी सरळ मुदती ठरवून टाकल्या आहेत. कॅनडाच्या सुपर व्हिसावर २०२२ पासून एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं, खासगी आरोग्यविम्याच्या अटीवर. ऑस्ट्रेलियानं २०१९ साली पालकांसाठी तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आणला. सगळ्या मुदती मिळून दहा वर्षं, आणि फी अशी की मुलानं आधी पगाराची स्लिप काढून बघावी. अमेरिकेच्या साध्या पर्यटक व्हिसावर एका खेपेला बहुधा सहा महिने मिळतात. व्हिसा दहा वर्षांचा असला म्हणून दहा वर्षं राहता येत नाही, हे प्रत्येक आजी-आजोबांच्या पहिल्या खेपेला कोणीतरी समजावून सांगावंच लागतं.

ग्रीन कार्डवाल्या खडकवासलेकरांना मात्र केव्हातरी ठरवावं लागतं. एक मार्ग तिकडे सलग राहून नागरिक होण्याचा: पाच वर्षांचं वास्तव्य, त्यांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष तिथं, आणि मग भारतीय नागरिकत्व जाऊन हातात ओसीआय, म्हणजे हे काकाही सोसायटीतल्या परदेशी काकांच्या रांगेत. त्या रांगेतून मागे फिरायचीही सोय आहे. ओसीआय घेऊन पाच वर्षं झालेली असतील आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर पुन्हा भारतीय नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, परदेशी नागरिकत्व सोडण्याच्या तयारीनिशी. मतदानाचा हक्क परत मिळतो आणि पासपोर्टची तारीख पोर्टलवर चढवण्याचं झंझट संपतं. मुलांना भेटायला जाताना मात्र मग वांद्र्याच्या वकिलातीची मुलाखत द्यावी लागते, आणि बहुतेक जण या कल्पनेशीच थांबतात.

दुसरा मार्ग कार्ड परत करण्याचा. त्याचा फॉर्म आय-४०७. तो भरताना अनेक आईवडिलांचे हात अडखळतात, कारण मुलानं वकिलाला पैसे मोजलेले असतात, दोन वर्षं वाट पाहिलेली असते. पण सहा-सहा महिने मोजत अटलांटिक ओलांडण्यापेक्षा हे सरळ आहे. कार्ड रीतसर परत केलं की नोंद स्वच्छ राहते, आणि मग नातवाच्या वाढदिवसासाठी साधा पर्यटक व्हिसा मागताना, ‘तिथं राहायचं असतं तर कार्ड परत कशाला केलं असतं’ हे उत्तर अधिकाऱ्यासमोर ठेवता येतं. अर्जाबरोबर त्या फॉर्मची प्रत जोडायला विसरू नये.